सात नंबरचा घोडा

मंगळवार, १५ नोव्हेंबर १९८८, अंबरनाथ

आज जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. सकाळी आण्णामामा दुर्बीण तपासायला घरामागच्या पाण्याच्या टाकीवर चढले.
२. दुर्बिणीतून त्यांना अंगणात कपडे वाळत घालणारी द्रौपदीमामी दिसली.
३. मामी अपेक्षेपेक्षा फार जवळ आणि फार मोठी दिसली.
४. मामा मागे सरकले.
५. मागे टाकी संपली होती.
६. उजवा पाय घोट्याच्या वर मोडला. दुर्बीण शाबूत आहे.
७. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे पलंगावरून उतरायचं नाही म्हणाले.
८. मामांनी विचारलं, "म्हणजे गिनीजपर्यंत नाही?" डॉक्टरांनी विचारलं, "कशापर्यंत?"
९. मामा रडले. पायासाठी नव्हे.

यापुढचं क्रमांकात बसत नाही.

आण्णामामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. बुवापाड्यात आमच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांची केमिकल कंपनी बंद पडली तेव्हापासून घरी असतात, पण त्यांना कोणी बेकार म्हणत नाही, कारण उल्हासनगरहून निघणाऱ्या 'रेस दर्पण' या चार पानी साप्ताहिकात ते बावीस वर्षं 'आण्णांचा अंदाज' लिहितात. नोव्हेंबरात महालक्ष्मीला घोड्यांच्या शर्यतींचा मोसम सुरू होतो. डिसेंबरात गिनीज, पुढे ओक्स, मग डर्बी. या सगळ्यात मोठ्या, त्यांना क्लासिक म्हणतात. त्यांत धावणारे तरुण घोडे आधी नोव्हेंबरात लहान शर्यतींत धावून घेतात. त्या सुरुवातीच्या धावा पाहून कोणता घोडा पुढे काय करील हे सांगायचं, हे मामांचं काम. ते स्वतः पैसे लावत नाहीत. मामी म्हणते, लावायला होते कधी.

दुपारी पेपरचे मालक हासोमलशेठ भेटायला आले. केळी घेऊन आले होते. म्हणाले, "अण्णा, आराम करो. तोपर्यंत कल्याणचा कंप्यूटरवाला लिहील. उसके पास मशीन है, घोडे का नाम डालो, जवाब बाहर."

मामांचा चेहरा प्लास्टरच्या रंगाचा झाला. म्हणाले, "माझी उत्पला लिहील."

उत्पला म्हणजे मी. मी सांगितलं की मी टांग्याचा सोडून दुसरा घोडा पाहिलेला नाही.

"तू मोजतेस ना दिवसभर? मग मोज," मामा म्हणाले.

मी कंपनीच्या कॅलिब्रेशन रूममध्ये आहे. प्रेशर गेज आणि थर्मामीटर खरं बोलतात की नाही ते तपासते. घोडा हे उपकरण नाही, असं मी म्हटलं. मामी मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली. "तो रकाना गेला तर हा माणूस नुसता भिंतीकडे बघत बसेल," म्हणाली. मग तेच पुन्हा म्हणाली, हळू आवाजात.

मी होकार दिला. सहा आठवड्यांपुरता.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

मामांनी गेल्या रविवारचा, म्हणजे तेरा तारखेचा, त्यांचा कागद दिला. मैदानावर घाईत लिहिलेला असतो, म्हणून त्यावर घोड्यांची नावं नाहीत, नुसते नंबर आहेत. "७ - तांबडा. दुसरा. शेवटी जोर." अशा ओळी, आणि पुढे अखेरच्या चारशे मीटरचा वेळ. बघून बरं वाटलं. नेमकं काम आहे.

आमच्या खोलीतला पहिला नियम हाच आहे. गेज कारखान्यात आल्यावर त्याला जो नंबर मिळतो तो भंगारात जाईपर्यंत त्याचाच. जागा बदलेल, नाव बदलेल, रंगसुद्धा देतात नवा. नंबर बदलत नाही. घोडेवाल्यांनीही तीच पद्धत ठेवलेली दिसते.

मामा म्हणाले, "दिवसात बऱ्याच शर्यती असतात, आपली एकच, तरुण घोड्यांची. ती बघ, फक्त नंबर आणि जे दिसेल ते लिहून आण. बाकी मी बघतो."

आईने बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा पुन्हा वाचून काढल्या. जेवताना म्हणाली, "घोड्याचं नाव कुठे नाही. पण बरं नाही गं ते."

"मी लावत नाही, आई. तपासते."

"तुझा मामा पण हेच म्हणतो. बावीस वर्षं झाली."

रविवारी मला बघायला डोंबिवलीचे पाहुणे येणार होते. ते पुढे ढकलावे लागतील. आईला वाईट वाटलं.

रविवार, २० नोव्हेंबर

महालक्ष्मीला गेले. बरोबर जनूभाऊ म्हात्रे होते. ते बेलवलीचे. वायरमन आहेत, घरी शर्यतीची बैलजोडी आहे, आणि रेसला मामांबरोबर नेहमी तेच जातात. दुर्बीण त्यांनी धरायची, स्टॉपवॉच आणि लिखाण माझ्याकडे. स्टॉपवॉच काल खोलीत पडताळून घेतलं होतं.

जनूभाऊंना प्रत्येक घोडा कुठल्या ना कुठल्या बैलासारखा दिसतो.

"ताई, तो तीन नंबर बघा. आमच्या ढवळ्यावानी मान टाकून चाललाय."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"ढवळ्या विहिरीत पडला."

"मग हा घोडा?"

"इथं विहीर कुठं हाय?"

मी काही लिहिलं नाही.

छापील कार्डावर घोड्यांची नावं असतात, पण कार्ड जनूभाऊंच्या खिशात होतं आणि त्याच खिशात वडापावही होता. मागितलं नाही. नंबर पाठीवरच्या कापडावर स्पष्ट दिसतात.

नोंद अशी झाली. "७ - राखाडी. तिसरा. अखेरच्या चारशे मीटरला बाकीचे जॉकी चाबूक चालवत होते, याचा जॉकी हात न हलवता नुसता बसून होता. कामात ढिलाई."

तेरा तारखेला सात नंबर तांबडा होता, मामांच्या कागदावर तसं आहे. आज राखाडी. उजेडाचा फरक असावा किंवा हिवाळ्यात यांचे केस बदलत असावेत. जॉकीचे कपडेही वेगळे होते. कपडे बदलणं साहजिक आहे.

आम्ही होतो त्या दुसऱ्या एन्क्लोजरमध्ये, म्हणजे स्वस्त तिकिटाच्या भागात, बायका जवळजवळ नव्हत्या. एका माणसाने मला विचारलं, "मॅडम, कोणाबरोबर आलात?" मी म्हटलं, स्टॉपवॉचबरोबर. तो सरकला.

शर्यतीच्या शेवटी मी टाचा उंचावून उभी आहे असं लक्षात आलं. पुढचा माणूस उंच असावा. नंतर बघितलं तर पुढे कोणी नव्हतं.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

मामांना काल रात्रीपासून ताप. गोळीने झोपले होते. मजकूर आज देणं भाग होतं, कारण वेळेत नाही आला तर कंप्यूटरवाल्याचा लेख लावू असं शेठनी सांगून ठेवलंय. मामांना न उठवता मीच लिहिला.

दोन्ही रविवारी धावलेले नंबर समोरासमोर मांडले. नऊ नंबरचा वेग घटला. चारचा तसाच. फक्त सातमध्ये स्पष्ट सुधारणा. तेराला दुसरा आणि वीसला तिसरा आला हे खरं, पण अखेरच्या चारशे मीटरचा वेळ कमी झालाय, आणि तोही जॉकीने काही काम न करता. लिहिलं, "येत्या रविवारच्या शर्यतीत सात नंबरकडे लक्ष ठेवावं. उपलब्ध आकड्यांवरून त्याची प्रगती निर्विवाद आहे." रंगाचा उल्लेख टाळला. त्याचा निकालाशी संबंध नाही.

संध्याकाळी उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या छापखान्यात गेले. शेठनी आधी पापड आणि पाणी पुढे केलं, मग कागद हातात घेतला.

"नाम किधर है, बेटी?"

"नंबर दिला आहे."

"चलेगा. नाव मी टाकतो. रविवारचं कार्ड आलंय माझ्याकडे. अण्णा पण घाईत असला की नुसता नंबर देतो."

नंबरावरून नाव शोधण्याची सोय आहे म्हणजे. व्यवस्था चोख वाटली.

शनिवार, २६ नोव्हेंबर

'रेस दर्पण' आला. माझा मजकूर जसाच्या तसा आहे. सात नंबरच्या जागी ठळक अक्षरात 'संडे व्हिजिटर' छापलंय. तर हे त्याचं नाव. पाहुण्यासारखं आहे.

मामांचा ताप उतरलाय. मी पेपर हातात दिला. त्यांनी वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला. मग पेपर छातीवर ठेवला आणि छताकडे बघत राहिले.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"छापून झालंय," मामा म्हणाले.

"चूक काही?"

"तू जेवलीस का?"

मी जेवले होते. त्यांनी चादर डोक्यावरून घेतली. प्लास्टर टोचत असावं.

निघताना मामीने विचारलं, "आवडलं का त्यांना?" मी म्हटलं, बोलले नाहीत. मामी म्हणाली, "मग फारच आवडलं असेल. लग्नानंतर माझ्या हातची पहिली भाजी खाऊन असेच गप्प बसले होते."

रविवार, २७ नोव्हेंबर

हे सावकाश लिहायला हवं.

पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे गोल फिरवून दाखवतात तिथे, सात नंबर समोरून गेला. काळा होता. कपाळावर पांढरा ठिपका. तांबड्याचा राखाडी होतो इथपर्यंत मी मान्य केलं होतं.

"जनूभाऊ, हा सात नंबर नाही."

"हाय की. कापडावर लिवलंय."

"गेल्या रविवारचा सात राखाडी होता."

"तो राखाडी आज नाय धावत, ताई. त्याला गिनीजसाठी ठेवलाय."

"मग त्याचा नंबर याला कसा दिला?"

जनूभाऊंनी दुर्बीण खाली घेतली. "नंबर दर रेसला नवा देतात ना. शाळंतल्या हजेरीचा नंबर हाय का तो?"

मी कागदावर तीन सात एकाखाली एक लिहिले.

म्हणजे तेरा तारखेचा सात एक घोडा. वीस तारखेचा सात दुसरा घोडा. आजचा सात तिसराच. मी पहिल्या दोघांची मोजमापं एकत्र करून एक घोडा तयार केला आणि शेठनी त्याला तिसऱ्याचं नाव दिलं. हा घोडा कॅम्प तीनच्या छापखान्यात जन्मला. आणि खाली मामांचं नाव आहे.

आजूबाजूला किमान पाच माणसांच्या हातात 'रेस दर्पण' होता. त्यांना सांगावं असं वाटलं. काय सांगणार? शर्यत सुरू झाली.

माझं मत स्पष्ट होतं. त्याने हरावं. चुकीच्या पद्धतीतून चुकीचं उत्तर यावं, म्हणजे निदान गणित नीट राहतं.

तो जिंकला. सरळ रेषेत सगळ्यांच्या पुढे येऊन, आरामात.

जनूभाऊ म्हणतात की शेवटच्या टप्प्यात मी "चल, चल" असं ओरडत होते. मला आठवत नाही. ओरडत असेन तर त्याला थांबवण्यासाठी असेल. जनूभाऊ म्हणतात, "थांबवायला कोण चल म्हणतं?" ते बैलांशी बोलतात, त्यांचं या बाबतीत ऐकायला हवं.

सोमवार, २८ नोव्हेंबर

कामावर जायच्या आधी मामांकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"मला शनिवारीच कळलं," मामा म्हणाले. "संडे व्हिजिटर तेराला धावला कुठे होता? पुण्यात शेवटून दुसरा आला होता तो."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पेपर गावभर गेला होता. म्हटलं हरेल, लोक दोन दिवस शिव्या देतील, विसरतील. हा जिंकून बसला!"

"शुद्धिपत्र द्यावं लागेल."

मामांनी प्लास्टरकडे पाहिलं. "उत्पला, बावीस वर्षांत माझा असा एकही घोडा आला नाही. कोणालाच वाटत नव्हता असा."

"हा तुमचा नाही. माझाही नाही."

"ते मला माहीत आहे. हासोमलला नाही ना."

संध्याकाळी छापखान्यात गेले. आज पापडाबरोबर मिठाईही होती. शेठ उभे राहून बोलत होते.

"बेटी, कमाल! पूरा कॅम्प पूछ रहा है, अण्णाने घोडा कैसे निकाला? कुठेच नव्हता तो घोडा!"

मी शांतपणे चूक समजावून सांगितली. तीन घोडे, तीन सात. कागदावर आकृतीही काढली. शेठनी आकृती नीट पाहिली.

"बराबर. चूक आहे."

"मग शुद्धिपत्र छापा."

"शुद्धिपत्र हारे हुए घोडे का होता है. जीते हुए का नहीं." त्यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. येत्या अंकाचा मथळा जुळवून झाला होता. 'आण्णांची अंकदृष्टी : पलंगावरून पाहिला सात!' खाली पुढच्या नंबरासाठी जागा सोडली होती.

"कंप्यूटरवाला आला होता," शेठ म्हणाले. "मी बोललो, तुझ्याकडे मशीन आहे, हमारे पास प्लास्टर है. आता फक्त पुढचा नंबर द्या. घोड्याची लंबी कहाणी नको. कोण वाचतो?"

म्हणजे मामांचा रकाना वाचला. मला ज्यासाठी नेमलं होतं ते झालं. मी मिठाई खाल्ली नाही. घरी आल्यावर भूक लागली होती तरी जेवले नाही, याचं कारण शोधलं. सापडलं नाही.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

कामावरून परस्पर मामांकडे गेले. व्हरांड्यात चपलांचा ढीग होता. आत पलंगाभोवती बारा-तेरा माणसं बसली होती. काही बुवापाड्यातली, काही उल्हासनगरची. मटका लावणारे बहुतेक. मटक्याची माणसं कशातूनही आकडा काढतात. स्वप्नात हत्ती आला तरी, जन्मतारखेवरूनही. आता ती मामांच्या प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांकडे बघत बसली होती.

मामांनी अंगठा हलवला.

"एक," कोणीतरी पुटपुटलं.

मामांना खाज सुटली असावी. उरलेली चार बोटंही हलली.

"चार! एकावर चार, चौदा!" तिघेजण उठून गेले.

मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, पाय हलवू नका! एवढा चहा मी आणू कुठून?"

एक म्हातारा वाकून प्लास्टरला हात लावत होता. मी त्यांना सांगितलं की प्लास्टरमध्ये जिप्समची पूड आणि कापड असतं. ते म्हणाले, "तू लहान आहेस, बाळ."

मामा आधी हसत होते. त्यांना वाटलं होतं, इतकी माणसं घोड्यांबद्दल ऐकायला आलीत. त्यांनी बोलायला सुरुवातही केली होती. "हे बघा, तेरा तारखेला जो तांबडा धावला ना, त्याचा पल्ला लांब आहे, पण वळणावर तो आत घुसतो..."

"ते राहू द्या आण्णा," समोरचा म्हणाला. "आकडा बोला."

"आकडा नाही रे, मी घोड्याची चाल सांगतोय."

"चाल आम्हाला काय करायची? येतो कोण ते बोला."

मामा थांबले. मग पुन्हा तोच प्रयत्न केला, दुसऱ्या माणसाकडे बघून. तोही त्यांच्या पायाकडे बघत होता. मामांनी चादर ओढून पाय झाकला. खोलीत नाराजी पसरली. एकाने विचारलं, "आण्णा, झाकलं म्हणजे शून्य समजायचं का?"

मी सगळ्यांना बाहेर काढलं. मी आवाज चढवला नाही. फक्त म्हटलं की डॉक्टर इंजेक्शन द्यायला येताहेत आणि ते चुकून शेजारच्यालाही देतात. हे खोटं होतं. नोंदवून ठेवते.

सगळे गेल्यावर मामा भिंतीकडे तोंड करून पडले. मामी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. पंधरा तारखेला जे दोनदा बोलली होती ते आता नजरेने तिसऱ्यांदा बोलली.

बुधवार, ३० नोव्हेंबर

अर्धा दिवस रजा टाकली. तीन वर्षांत पहिली. साहेबांनी विचारलं, "घरी काही सीरियस?" मी म्हटलं, घोडा. त्यांनी सही केली.

मामांच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसले. म्हटलं, माझा वीस तारखेचा कागद नीट बघा. चुकीच्या जोडणीत तो वाया गेला, पण मोजमाप खरं आहे. आजवर कोणी वाचलेलं नाही.

मामांनी नाखुशीने कागद घेतला. बोटाने ओळी लावत वाचत गेले. सातवर येऊन थांबले.

"हे काय? जॉकीचे हात हलत नव्हते?"

"नाही."

"अगदीच? लगाम नुसता धरून?"

"बसून होता. बाकीचे चाबूक मारत होते."

"आणि तरी तिसरा? किती मागे होता पहिल्याच्या?"

"मानेएवढा."

"हे तू पाहिलंस! स्वतः पाहिलंस! आणि लिहिलंस काय?" त्यांनी मोठ्याने वाचलं, "'कामात ढिलाई.'" आणि मामा हसायला लागले. इतके हसले की पलंग करकरला आणि मामी हातातलं लाटणं घेऊन आली. "अगं हिने त्या जॉकीला मेमो दिलाय! कामात ढिलाई!"

मग डोळे पुसून त्यांनी समजावलं. नोव्हेंबरात शहाणा ट्रेनर घोडा खर्च करत नाही. जॉकीला सांगून ठेवलेलं असतं, घोड्याला काही विचारू नकोस, नुसता पळवून आण. म्हणून नोव्हेंबरच्या धावेत कितवा आला ते बघायचं नसतं, काय राखून आला ते बघायचं. "न मागता एवढं देतोय. गिनीजला मागतील तेव्हा काय देईल?"

मी विचारलं, हे मोजायचं कसं? मामा म्हणाले, मोजता येत नाही. मी म्हटलं, हात हलल्याची मोजणी करता येईल, प्रत्येक जॉकीची, अखेरच्या चारशे मीटरला, दोन मोसम केली तर तुलना निघेल. मामांनी कागद खाली ठेवला. "दोन मोसम?" म्हणाले.

जनूभाऊंच्या कार्डावरून त्या राखाडीचं नाव काल काढून घेतलं होतं. मिस्टी हिल. वडापावच्या डागाखाली होतं.

दोन वाजेपर्यंत आम्ही दोघांनी मजकूर लिहिला. नंबर एकही नाही, सगळी नावं. पाच घोडे, प्रत्येकाची धाव, काय दिसलं, काय दिसलं नाही. दोनदा भांडलो. तांबड्याबद्दल मामांनी माझं ऐकलं नाही, बरोबर तेच असतील.

मग शुद्धिपत्राचा विषय काढला. मामा पुन्हा लहान झाले.

"ते छापलं तर हासोमल मला काढेल."

"नाही छापलं तर तो तुमचा पाय ठेवेल. तुम्हाला नाही."

बोलून गेल्यावर वाटलं, जास्त झालं. मामी दारातून म्हणाली, "बरोबर बोलली." मामा बराच वेळ चादरीचा काठ घडी करत होते, उलगडत होते.

"लिही," ते म्हणाले. "आणि खाली तुझंही नाव घाल."

"माझी काय गरज? सहा आठवड्यांचं काम आहे."

"मग डर्बीपर्यंत महालक्ष्मीला कोण जाणार आहे?"

मी सांगितलं की फेब्रुवारीपर्यंतचे रविवार मी मोकळे ठेवले आहेत. डोंबिवलीच्या पाहुण्यांना आईने तसं कळवलंही आहे. मामा आणि मामी एकमेकांकडे बघून का हसले ते कळलं नाही.

शेठना पत्र लिहिलं. संध्याकाळी छापखान्यात नेऊन देणार. प्रत इथे उतरवून ठेवते.

*

श्री. हासोमलशेठ,
'रेस दर्पण', उल्हासनगर-३ यांस,

सप्रेम जयभीम.

सोबत दोन मजकूर पाठवत आहोत.

पहिला मजकूर शुद्धिपत्र आहे. तो असा : "गेल्या अंकात 'संडे व्हिजिटर'बद्दल जे छापलं ते त्या घोड्याबद्दल नव्हतं. दोन वेगळ्या घोड्यांच्या धावा चुकून एकत्र करून ते लिहिलं होतं. घोडा जिंकला, त्याचं श्रेय त्याचं आहे. ज्यांना या मजकुरामुळे फायदा झाला त्यांनी पुढच्या वेळी तशी अपेक्षा ठेवू नये."

दुसरा मजकूर गिनीजचा अंदाज आहे. आमच्या मते मिस्टी हिल हा घोडा तिथे पुढे राहील. कारणं मजकुरात दिली आहेत. आमचा अंदाज चुकू शकतो. चुकला तर पुढच्या अंकात तेही आम्ही लिहू, आणि कुठे चुकलं ते लिहू.

दोन्ही मजकूर एकाच अंकात, शुद्धिपत्र वर आणि अंदाज खाली, असे छापावेत. एकच छापायचा असेल तर एकही छापू नये. 'अंकदृष्टी' हा मथळा काढावा. आण्णांच्या पायाबद्दल पेपरात काही येऊ नये. मजकुराखाली दोन नावं आहेत, ती दोन्ही राहावीत. बाईचं नाव पाहून लोक पेपर घेणार नाहीत असं आपल्याला वाटत असेल तर तसं स्पष्ट सांगावं, आम्ही दुसरीकडे विचारू.

या अटी मान्य नसतील तर आण्णा यापुढे आपल्यासाठी लिहिणार नाहीत. हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे आणि मी फक्त लिहून घेतलं आहे.

शुक्रवारी छपाईचे खिळे जुळवायला घ्यावे लागतात, याची कल्पना आहे. म्हणून छापणार की नाही, ते उद्या गुरुवार, दि. १ डिसेंबर, संध्याकाळपर्यंत कळवावे.

आण्णा
उत्पला अहिरे